बावीस माना

साहेब, तुम्ही आमच्या माना पाहिल्याच नाहीत.

बावीस मुली व्हरांड्यात ओळीने उभ्या होत्या. वेण्या उचलून डोक्यावर धरलेल्या, माना खाली. तुम्ही जिन्यापाशी थांबलात, नाकाला रुमाल लावलात आणि तिथूनच ओळीवरून नजर फिरवलीत. तुमच्यापासून पहिली मुलगी किती लांब होती ते मी नंतर पावलांनी मोजलं. चौदा पावलं. चौदा पावलांवरून तुम्ही रोग ओळखलात.

"खरूज," तुम्ही म्हणालात. "ती शेवटची कोण? डोळे सुजलेली?"

काळमेघ सिस्टरांनी वही उघडली. वसतिगृहाच्या प्रमुख त्याच आणि आम्हाला शिकवणाऱ्याही त्याच. "वैजंती पवार, सर. पहिलं वर्ष."

"गाव?"

सिस्टरांनी गाव सांगितलं. तुमच्या भुवया वर गेल्या.

"गावातली की बेड्यावरची?"

"बेड्यावरची, सर. पारध्यांच्या वस्तीवरची."

"मग अजून काय शोधताय?" तुम्ही म्हणालात. "गादी जाळा. पेटी बाहेर काढा. गुरुवारी हिच्या घरच्यांना बोलवा आणि नाव कमी करा. बाकीच्यांना खरजेचं औषध लावा."

आणि तुमची जीप गेली. सगळं मिळून चार मिनिटं.

ही गोष्ट १९९३ सालची, मार्च महिन्यातली. वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या गावी नर्सबाई घडवण्याचं सरकारी केंद्र होतं, आणि जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी म्हणून ते तुमच्या हाताखाली. आम्ही तीस मुली. दीड वर्षाचा कोर्स, राहणं-खाणं तिथंच, अंगावर पांढरी साडी-पोलकं. मी प्रमिला मोतीकर, घरची परमी. दहावीत तालुक्यात दुसरी आले होते आणि तोंडाने फटकळ होते. दुसरी गोष्ट सगळ्या वसतिगृहाला ठाऊक होती.

जीप वळली तशी वैजंतीची पेटी बाहेर आली. हिरव्या रंगाची, पत्र्याची, कुलपाऐवजी तार घातलेली. सिस्टरांनी तिला जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत ठेवलं. दोन्ही डोळे बारीक चिरेएवढे उरलेले, मान ओली, त्यातून पाणी गळत होतं. त्या ओल्या मानेवर खरजेचं पांढरं औषध चोपडलं तेव्हा तिने जी किंकाळी फोडली ती स्वयंपाकघरापर्यंत गेली. खरजेचं औषध खरजेला बरं. सोललेल्या कातडीवर ते म्हणजे मिरची.

आम्ही खोलीत आलो. मंगला इंगोले माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची. शेतकऱ्याची पोर, बोलायला माझ्याहून वरचढ.

"माय वं, मेली मी खाजवू खाजवू," ती म्हणाली. "त्या वैजीनंच आनली. बेड्यावर कुत्र्यांत झोपते म्हनते."

"तू गेल्ती का बेड्यावर पाहाले?"

"लोक म्हनते."

"लोक तं तुलेही लय काही म्हनते."

मंगला उसळली. "तुले काय जाते वं बोलाले? तुह्या अंगावर एक पुटकुळी नाई. तू तं तिच्या बाजूले बसून जेवते. आमी तिच्या ताटाले हात लावला नाई, तरी आमच्या माना गेल्या. तू कशी सुटली, सांग ना!"

ती भांडायला म्हणून बोलली. पण तो प्रश्न खरा होता.

तीस मुलींतल्या आठजणी सुटल्या होत्या. सातजणी महिनाभर खेड्यावरच्या उपकेंद्रात होत्या, आदल्या दिवशीच परतल्या होत्या. त्यांचे इथले कपडे अजून वापरात आलेच नव्हते. आठवी मी. मी इथंच होते, त्याच खोलीत, त्याच वैजंतीच्या बाजूला. आणि आमच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं: खरूज आधी बोटांच्या बेचक्यांत पाहावी, मनगटावर पाहावी. मी मंगलाचा हात धरून बोटं फाकवली. स्वच्छ. दुसरीची पाहिली. स्वच्छ.

"मान दाखव," मी म्हणाले.

"कायले?"

"दाखव म्हनते ना."

मानेच्या मागे, मणक्याच्या डाव्या अंगाला, बंद्या रुपयाएवढा लाल चट्टा होता. कडा आखल्यासारख्या. मी विचारलं, "अजून कुठं?" ती लाजली, मग परकराची नाडी सैल करून कमरेवर दाखवलं. तिथंही एकच चट्टा, डाव्या बाजूला. मी तिच्या पोलक्याचा गळा मागून उलटला. आत, बरोबर त्या चट्ट्यासमोर, दोन काळे ठिपके आणि खाली आडवी रेघ. धुण्याची खूण. परकराच्या नेफ्याला तीच खूण, बरोबर त्या दुसऱ्या चट्ट्यासमोर.

खूण काळी होती. शाईची असती तर चार धुण्यांत निळसर पडली असती. ही कोळशासारखी काळी, काठाला किंचित तांबूस. असा काळा रंग मी जन्मल्यापासून पाहत होते, म्हणून तर तो माझ्या डोळ्यांना इतके दिवस दिसलाच नव्हता. बिब्बा.

बिब्बा ठाऊक नाही असं वऱ्हाडात घर नाही. तळपायाला भेग पडली की बिब्बा, हाडाला मार लागला की बिब्बा. पण त्याचं तेल ज्याला सोसत नाही त्याला ते असं उठतं की डोळे सुजून मिटतात, माणूस ओळखू येत नाही. आमच्याकडे त्याला उतणं म्हणतात. बिब्बा उतला. आणि कुणाला उतेल, कुणाला नाही, याचा नेम नाही. आमच्या घरात कुणालाच उतत नव्हता, कारण आमच्या घरात तीन पिढ्या त्याच्याच खुणा करत होत्या. आम्ही वरठी. म्हणजे धोबी. वसतिगृहाच्या धुण्याचा ठेका गुलाब मोतीकरांकडे होता, आणि गुलाब मोतीकर माझे वडील.

हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं; तिथं त्यांना सगळे नुसतं 'वरठी' म्हणत. मी लपवलं नव्हतं, बाबांनी लपवायला लावलं होतं. पहिल्याच दिवशी फाटकाबाहेर त्यांनी सायकल थांबवून सांगितलं होतं, "अंदर मी तुहा कोनी नाई. वरठ्याची पोट्टी म्हनून तुले चिडवतीन, अन् तू मारामारी करशीन. तुहं नाव कटन." दर सोमवारी ते गाठोडी न्यायला यायचे, मी व्हरांड्यात उभी असायचे, आणि आम्ही दोघं एकमेकांना भिंत असल्यासारखे पाहायचो.

त्या संध्याकाळी मी वही आणायचं निमित्त केलं आणि थेट नदीवर गेले.

बाबा दोरीवरून चादरी काढत होते. मला पाहून दचकले. "काऊन आली? कोनी पाह्यलं तं?"

"बाबा, वसतिगृहाच्या कपड्यायले बिब्बा लावला का तुमी?"

"हाव."

"कायले? शाई होती ना!"

"साहेबाचं पत्र आलं." त्यांनी चादर घडी करायला घेतली. "चादरी चोरीले जाते म्हने. खूण अशी करा का जन्मात जाऊ नये. मी म्हनलं, धुन्यानं न जानारं जगात एकच हाये. शाई जाते, रंग जाते, लग्नाची हळद जाते. बिब्बा जात नाई."

"पोट्ट्यायले उतला, बाबा."

ते हसले. "तुले उतला? तुह्या मायले उतला? माह्या बापानं पन्नास वर्सं राजा-रजवाड्याच्या धोतरायले लावला."

"बावीस पोट्ट्यायले उतला. एकीचे डोळे बंद झाले."

बाबांच्या हातातली चादर तशीच राहिली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "कच्चा राह्यला."

"म्हनजे?"

"बिब्ब्याची खूण केली का वरतून चुना फासा लागते. मंग आठ-धा दिवस ऊन दाखवा लागते. मंग सोड्यात उकळा. तवा कुठं ते तेल मरते. तीन दिवसात दीडशे नग मांगितले त्यायनं. कोनी मोठा साहेब तपासनीले येनार होता."

"मंग सांगाचं ना!"

"सांगितलं. हापिसातला बाबू म्हने, वरठ्यानं साहेबाले शिकवू नये."

मी त्यांना वैजंतीचं सगळं सांगितलं. पेटी, अडगळीची खोली, गुरुवार. बाबा धुण्याच्या दगडावर बसले. त्यांना काय कळत होतं ते मलाही कळत होतं. ही गोष्ट उघडी पडली की ठेका जाणार. घाटावरचं निम्मं काम वसतिगृहाचं होतं.

"तू बोलली तं ठेका जाते," ते म्हणाले.

"नाई बोलली तं पोट्टी जाते."

"कोनाची हाये?"

"पारध्याची."

बाबांनी हातातली चादर बाजूला ठेवली. मग म्हणाले, "परमे, चारशे घरची धुनी एका भट्टीत घातली तरी ज्याचं फडकं त्याले परत गेलं पाह्यजे. यालेच वरठी म्हनते. बापजन्मात एकाचं धोतर दुसऱ्याच्या गाठोड्यात गेलं नाई माह्या हातून. अन् आता माह्या हातचा डाग त्या पोट्टीच्या नावानं चाल्ला का?"

ते उठले आणि घाटालगतच्या घरातून नवी कोरी मांजरपाटाची पट्टी घेऊन आले. बिब्बा सुईने टोचला, तापवला, आणि काडीने पट्टीवर खूण काढली. वसतिगृहाची नव्हे. तीन बोटं पुढे, एक मागे. कोंबडीचा पाय. माझ्या आजोबांची खूण, आता कुणाच्याच कपड्यावर नसलेली.

"हे बांध तिच्या दंडाले," ते म्हणाले. "जरासाच लावला हाये, जास्त तरास होनार नाई. खरूज असंन तं काहीच उठनार नाई. बिब्बा असंन तं कोंबडी उठंन. मंग दाखव तुह्या साहेबाले, कोनत्या किड्याले कोंबडीचे पाय असते ते." आणि मग पेटीतून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "हे त्याचं पत्र. मले वाचता येत नाई म्हनून मी कागद फेकत नाई."

मी ते पत्र घाटावरच उभ्याने वाचलं, वहीत शब्दन् शब्द उतरवून घेतलं आणि मूळ कागद त्यांच्या पेटीत परत ठेवला.

हजेरीच्या आधी मी जिन्याखालच्या खोलीत शिरले. वैजंती भिंतीला टेकून बसली होती.

"कोन?"

"परमी."

"आली का तू बी पाहाले, पारधीन कशी दिसते ते? तिकीट लावाले पाह्यजे होतं मी."

मी तिला सगळं सांगितलं. बिब्बा, खूण, वरठी. बाबा माझे वडील आहेत हेसुद्धा. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हनजे तुह्या बापानं मले असं केलं?"

"हाव."

"अन् तू सांगून राह्यली मले?"

"हाव."

"येडी हायेस तू." मग दंड पुढे करून, "बांध."

मी तिच्या उजव्या दंडावर खुणेची पट्टी बांधली, डाव्यावर तशीच कोरी, बिनखुणेची. "दोन दिवस सोडू नको. भिजवू नको. खाज सुटंन, पन खाजवू नको."

"दुखलं तं तुले शिव्या देईन. आमच्या बोलीत. तुले समजनार बी नाई."

"दे."

"परमे," मी दाराशी गेले तेव्हा ती म्हणाली, "हे सिद्ध झालं तरी मले ठेवतीन का?"

"काऊन नाई ठेवनार? रोगच नाई म्हटल्यावर!"

ती हसली. सुजलेल्या चेहऱ्यावर हसू नीट बसत नव्हतं. "आमच्या बेड्यावर पोलीस येते ना, तवा चोरी कोनी केली असं नाई इचारत. सगळे घरी हायेत का, एवढंच मोजते." मग कूस बदलून म्हणाली, "जाय. हजेरी लागंन."

मंगळवारी मी काळमेघ सिस्टरांकडे गेले. म्हटलं, सिस्टर, ही खरूज नाही, तुम्ही बेचक्या तपासा. त्या पन्नाशीच्या होत्या, शिस्तीच्या, उन्हाळ्यातही मानेवर सैल अंबाडा घालणाऱ्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "सरांनी निदान केलंय. तू नसता बिब्बा घालू नकोस यात."

"बिब्बा घालून झालाय, सिस्टर," मी म्हणाले. "मी तो काढायला आलेय."

त्यांनी वर पाहिलं. वही मिटली, पण मला बाहेर काढलं नाही. मग म्हणाल्या, "गुरुवारी साडेदहाला सर येतील. काय बोलायचं ते त्यांच्यासमोर बोल. मला मध्ये घेऊ नकोस."

बुधवारी संध्याकाळी मी पट्ट्या सोडल्या. डावा दंड कोरा. उजव्या दंडावर तीन बोटं पुढे, एक मागे. लाल, फुगलेली, बारीक पाण्याच्या फोडांनी भरलेली, छापखान्यातून काढल्यासारखी. माझ्या आजोबांची सही एका पारध्याच्या पोरीच्या कातडीवर उठली होती. मला लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. वैजंतीला दिसत नव्हतं, म्हणून तिने डाव्या हाताचं बोट हलकेच फिरवून पाहिलं.

"कोंबडी?" तिने विचारलं.

"कोंबडी."

"मंग उद्या रस्सा करू साहेबाचा."

गुरुवारी तुम्ही वेळेवर आलात, एवढं कबूल करते. टेबलावर वैजंतीचं नाव कमी करण्याचा कागद टाइप होऊन तयार होता. तिची आई बाहेर कडुनिंबाखाली बसली होती. तिला कुणी आत बोलावलं नव्हतं. मी वैजंतीचा हात धरून आत गेले. तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत.

"हिला आत कशाला आणलं? संसर्ग आहे!"

"संसर्ग नाही, सर," मी म्हणाले आणि तिच्या पोलक्याची बाही वर केली. "हे पाहा. दोन दिवसांपूर्वी इथं चांगली कातडी होती. मी बिब्ब्याची खूण असलेली पट्टी बांधली. दुसऱ्या हातावर कोरी बांधली. तिथं काही नाही."

तुम्ही डॉक्टर होता. तुम्हाला कळलं. तुमच्या डोळ्यांत कळलेलं मी पाहिलं. पहिल्यांदा तुम्ही जवळ आलात, चष्मा लावलात आणि त्या दंडाकडे बारकाईने पाहिलंत. मला वाटलं, जिंकलो.

"ही अ‍ॅलर्जी आहे," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे खरूज नाही?"

"नाही. पण म्हणजे दोष खुणेत नाही. हिच्या अंगात आहे." तुम्ही परत खुर्चीत बसलात. आवाज आता शांत झाला होता. "अ‍ॅलर्जी हा प्रकृतीचा दोष असतो. नर्सला रोज फिनेल, स्पिरिट, औषधं हाताळावी लागतात. अशा प्रकृतीची मुलगी या कामाला अपात्र. सिस्टर, कागदावर कारण बदला. संसर्गजन्य रोग खोडा, वैद्यकीयदृष्ट्या अपात्र लिहा."

कारण बदललं, कागद तोच राहिला. एका मिनिटात. मी आयुष्यात पुष्कळ शिवणकाम पाहिलंय, इतक्या चपळाईने ठिगळ लावताना कुणाला पाहिलं नाही.

वैजंती बोलली. तिचे डोळे तोवर थोडे उघडले होते. "साहेब, दोष माह्या अंगात होता तं कोंबडीच्या पायासारखा कसा निंगाला? माह्या अंगाले काय चित्र काढता येते?"

"तू गप्प बस."

"मग बावीसजणी अपात्र," मी म्हणाले. "सगळ्यांना तेच उतलंय. कागद बावीस काढा."

"त्या वरठ्याला काढा," तुम्ही सिस्टरांना म्हणालात. "हलगर्जी माणूस. कोण आहे तो?"

"माझा बाप आहे," मी म्हणाले.

सिस्टरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी वही उघडली आणि वाचायला लागले. मोठ्याने, बाहेर कडुनिंबाखाली ऐकू जाईल अशा आवाजात. "'विषय: वसतिगृहातील कापडी सामानावर खूण करणेबाबत. चादरी, उशांचे अभ्रे व गणवेश यांवर धुण्याने न जाणारी कायमस्वरूपी खूण तीन दिवसांत करून द्यावी. कसूर झाल्यास ठेका रद्द समजण्यात येईल.' खाली सही आहे, सर. कोणाची, ते वाचू?"

"ते पत्र इकडे दे."

"ही नक्कल आहे. मूळ बाबांच्या पेटीत आहे."

तुम्ही उठलात. तुम्ही माझंही नाव कमी करणार होता, ते तुमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तोंड उघडलंही होतंत. आणि तेव्हाच काळमेघ सिस्टरांनी हातातला पेन टेबलावर ठेवला, अंबाड्यातला आकडा ओढला आणि केस पुढे घेऊन तुमच्याकडे पाठ केली.

त्यांच्या मानेवर डाव्या बाजूला बंद्या रुपयाएवढा चट्टा होता. ओला. वरून पावडर थापलेली.

"माझे कपडेही त्याच गाठोड्यात जातात, सर," त्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "बारा दिवस झाले. मी कुणाला बोलले नाही. सत्तावीस वर्षं नोकरी झाली माझी. मीही अपात्र का?"

तुम्ही टाइप केलेला कागद उचललात, चार घड्या घातल्यात आणि खिशात ठेवलात. फाडला नाहीत. "राहू दे तिला," म्हणालात. बस्स. तेवढंच.

तुम्ही टोपी घेऊन निघालात तेव्हा मी दारात उभी राहिले. एकच विचारलं. तेच आज पुन्हा विचारणार आहे, म्हणून इथं लिहीत नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मला दौऱ्यावर जायचंय, वेळ नाही." आणि मला बाजूला करून गेलात.

त्या दुपारी आम्ही सगळ्या व्हरांड्यात कात्र्या घेऊन बसलो आणि पोलक्यांच्या, परकरांच्या, अभ्र्यांच्या खुणा कापून काढल्या. सिस्टर स्वतः ठिगळं लावत होत्या. मंगलाने वैजंतीची पेटी एकटीने उचलून आत आणली. माफी मागणं तिच्या रक्तात नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "जड हाये वं तुही पेटी. काय भरलं, ससे?" वैजंती म्हणाली, "तितर हायेत. हात घालून पाह्य." आणि दोघी हसल्या. मानांना थंड पाण्याच्या पट्ट्या, वर खोबरेल, खाजेच्या गोळ्या. पंधरा दिवसांत कातडी जागेवर आली.

बाबांचा ठेका पुढच्या महिन्यात गेला. कारण लिहिलं होतं, हलगर्जीपणा. मी रडले, ते रडले नाहीत. "गेला तं गेला. नदी काय साहेबाच्या बापाची हाये?" म्हणाले आणि दोन खाणावळींचं धुणं धरलं. दर सोमवारी मग ते वसतिगृहाच्या फाटकात सायकल लावून मला मोठ्याने हाक मारायचे. "परमे! ए परमे! बाप आला तुहा!" मुली धावत त्यांच्याभोवती जमायच्या.

मी तीस वर्षं नर्स होते. सुई हातात घेण्याआधी पहिला प्रश्न ठरलेला: "तुला काय उततं?" अ‍ॅलर्जी विचारली की लोक नाही म्हणायचे. उततं म्हटलं की आठवायचं. एकीला गोळीने ओठ सुजल्याचं आठवलं, एकाला मागच्या इंजेक्शननंतर दम लागल्याचं. त्या एका शब्दाने किती जीव वाचले त्याची नोंद कुठल्या तक्त्यात नाही. वैजंतीही एका आरोग्य केंद्रात नर्स होती. तुमच्या फिनेलने आणि स्पिरिटने तिला शेवटपर्यंत काही केलं नाही. बिब्ब्याशी मात्र तिचं वैर कायमचं. थंडीतल्या लाडवात गोडंबी, म्हणजे बिब्ब्याचं बी, नाही ना हे विचारल्याशिवाय ती घास घेत नाही. बिब्ब्याच्याच कुळातला म्हणून काजू खात नाही, कैरीच्या देठाचा चीक हाताला लागू देत नाही. बाळंतिणीच्या घरी गेली की चुलीजवळ बिब्बा ठेवलाय का ते आधी पाहते. अशी सांभाळून तिने अख्खी नोकरी केली. तिच्या हातावर सातशेच्या वर बाळं जन्मली.

परवा तुमचा सत्कार झाल्याचं पेपरात वाचलं. चाळीस वर्षांची निःस्वार्थ सेवा, असं छापलंय. फोटोत शाल आहे, नारळ आहे. आता तुम्ही निवृत्त आहात, साहेब. जीप नाही, दौरा नाही, दारात कुणी खोळंबलेलं नाही. बिब्बा कुणाला उतेल याचा नेम नसतो, ते कातडीलाच माहीत. ते मी तुम्हाला विचारत नाही. त्या गुरुवारी दारात विचारलं होतं तेच विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार: बावीसजणींच्या मानेवर एकच चट्टा होता. मग त्या सकाळी, चौदा पावलांवरून, पेटी एकट्या वैजंतीचीच बाहेर का काढलीत?

वेळ आहे तुम्हाला. सांगा.